काकांच्या आवाजातले तीन मीटर

आमचे काका घरांचे नकाशे काढतात. परवानगी कचेरीसमोर त्यांची खोली आहे: एक टेबल, दोन खुर्च्या, नकाशांच्या गुंडाळ्या. मंजुरीच्या कागदातले शब्द विचारायला माणसं येतात आणि काका तीस वर्षं एकाच चालीत सांगतात, आधी घसा खाकरून. "सामासिक अंतर म्हणजे काय हो ताई, तर घराभोवती सोडायची मोकळी जागा. आधी ती सोडा, मग घर बांधा. उलटं केलंत की घर सोडावं लागतं."

ही नक्कल मी इतकी बेमालूम करायचे, की काकू आतून "आणते चहा, थांबा जरा" म्हणायची.

त्या दुपारी काका फोन टेबलावर विसरून गेले. तो वाजला. कपडे शिवणाऱ्या मावशी होत्या, दोन खोल्या बांधायला काढलेल्या. "भाऊ, गवंडी खोळंबलाय. पुढे किती सोडायचं, कुठून मोजायचं?"

माझी जीभ शिवशिवली. खाकरले. "तीन मीटर हो ताई, हद्दीपासून. हद्द म्हणजे काय, तर जिथे आपलं संपतं आणि भांडण सुरू होतं."

त्या हसल्या. मी खूश.

काका बहुतेकांना हेच सांगायचे. पण मावशींच्या पुढचा रस्ता रुंद व्हायचा होता. तिथे मोजायचं ते रुंदीकरणाच्या रेषेपासून. काकांनी काढलेल्या त्यांच्या नकाशात ती लाल रंगात होती. नकाशा मी उघडलाही नव्हता.

जोतं झालं तसे कचेरीतले साहेब तपासणीला आले. काकांबरोबर मीही गेले होते; टेपचं एक टोक माझ्याच हातात. "दीड मीटर पुढे आलंय," साहेब म्हणाले. "तेवढं तोडा, मगच वरचं काम."

मावशी काकांकडे वळल्या. "तुम्हीच सांगितलंत ना फोनवर?"

काकांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. "सांगितलं असेन. वय झालं आता. माझंच चुकलं, ताई."

तीस वर्षांत त्यांनी कुणाचं जोतं फुटू दिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फोनवर मी होते, मावशी."

"पांघरूण नको घालूस, पोरी. यांचा आवाज मला कळत नाही होय?"

मग करून दाखवावंच लागलं, गवंड्यासमोर, साहेबांसमोर, काकांसमोर. खाकरले. "तीन मीटर हो ताई..." काका मान खाली घालून स्वतःचा आवाज ऐकत होते.

मावशी विटांच्या ढिगावर बसल्या. "हुबेहूब गं," म्हणाल्या. मग गवंड्याला, "आण पहार."