कादेकने गाळलेले दोन दिवस

कादेक सुर्तिनीला संगणक येतो असं गावात कुणी म्हणालं की तिला हसू यायचं. संगणक तिच्या घरात कधी आलाच नव्हता. होता तो एक फोन, कोपऱ्यात तडा गेलेला, आणि त्यात पायथन चालवणारं एक फुकटचं ॲप. कळफलक उघडला की अर्धा पडदा झाकला जायचा, एक कंस टाकायला तीनदा बटणं बदलावी लागायची, आणि ओळीच्या सुरुवातीला अंगठा एकदा जरी जास्त पडला की सगळं ठप्प. शिकली कुठे म्हणाल, तर शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथे ती कामाला होती. तांत्रिक शाळेतली मुलं नोट्स काढायला यायची, आणि तिरक्या आलेल्या, काळ्या पडलेल्या, वाया गेलेल्या प्रती कादेक घरी न्यायची. त्यामुळे तिचं ज्ञानही तसंच, मधली पानं गहाळ असलेलं. पण बाई चिवट होती, चाळिशीतही.

हे सगळं तिने केलं ते बापांसाठी. तिचे वडील, पेकाक राता, हे अख्ख्या गावाला चांगला दिवस काढून देणारे. आमच्या बालीत एकाच वेळी दहा आठवडे चालतात, कुठला तीन वारांचा, कुठला पाच, कुठला आठ, आणि दोनशे दहा दिवसांनी फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. लग्न, चिता, नव्या घराचा पहिला खांब, यातलं काहीही पेकाकना विचारल्याशिवाय व्हायचं नाही. ते सुपारी गालात धरायचे, बोटांची पेरं मोजायचे आणि दिवस सांगायचे. पुस्तक नाही, छापील पंचांग नाही. भिंतीवर पंचांग टांगणाऱ्यांना ते सरळ आळशी म्हणत.

दीड वर्षापूर्वी ती पेरं चुकायला लागली. जेवलीस का, असं ते कादेकला एका दुपारी तीनदा विचारायचे. मेलेल्या बायकोला हाक मारायचे. कादेकने हे कुणाला कळू दिलं नाही. ती संध्याकाळी त्यांच्यापुढे बसायची, ते एकेका आठवड्याचे वार म्हणायचे आणि ती ते फोनमध्ये उतरवायची. आठ वारांच्या आठवड्यासाठी दिवसाच्या आकड्याला आठाने भागायचं, बाकी उरेल तो वार. यात अवघड ते काय?

मग एक पद्धत ठरून गेली. माणसं अंगणातल्या ओसरीवर यायची, पेकाकना आपलं काम सांगायची. कादेक कॉफी करायला स्वयंपाकघरात जायची, चुलीशी उभी राहून फोन चालवायची आणि कप ठेवताना सहज म्हणायची, "बापा, तुम्ही काल मला म्हणाला होता ना, क्रुलुतचा रविवार चांगला आहे म्हणून?" पेकाक मान हलवायचे. "म्हणालो होतो." पाहुणे खूश होऊन जायचे. त्यात फसवणूक आहे असं कादेकला वाटलं नाही. बापांचंच ज्ञान बापांच्या तोंडी परत जातंय, एवढंच तिच्या मनात होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं दिसत नाही.

क्रुलुत नावाच्या आठवड्यातला तो रविवार मेमे कार्तीच्या मुलाच्या लग्नाला दिला होता. फोनने त्या दिवसाचा वार 'श्री' दाखवला होता. आठ वारांत पहिला, सगळ्यांत शुभ. पुतू अर्सिनी नावाची हसरी मुलगी त्या घरात सून म्हणून आली. अडीच महिन्यांनी दिवस गेले आणि पुढे तीन महिनेही झाले नाहीत तोच पोटातलं मूल गेलं. मग मेमे कार्तीचं तोंड सुटलं. ती बाई बोलायला लागली की समोरच्याने घर बदलावं. देवळात नारळाची पानं कापत बसलेल्या बायकांपुढे ती म्हणाली, "दिवस पेकाक राताने दिलेला, त्यात खोट असणार नाही. खोट कुठे आहे ते ज्याचं त्याला ठाऊक." पुतू शेजारीच होती. तिने पानं कापणं थांबवलं नाही. कादेकही तिथेच होती आणि तिला पुतूची कीव आली, पण मनात आलं, बापांच्या नावाला तरी धक्का नाही. या विचाराची पुढे तिला फार लाज वाटली.

गालुंगानच्या सणाआधीचा सोमवार होता. सणाआधी रविवार, सोमवार, मंगळवार असे तीन दिवस, आठ वारांतला अशुभ काल, संहाराचा देव, खाली उतरतो; त्याने माणसाला छळू नये म्हणून आम्ही दारात जमिनीवर भाताचा नैवेद्य ठेवतो. शेंबडं पोरही हे जाणतं. कादेकने सकाळी नैवेद्य ठेवला, उदबत्ती लावली आणि दुकानात जायच्या आधी, शेजारणीने पुढच्या महिन्यातला दिवस विचारला होता म्हणून, फोन उघडला. वरच्या ओळीत आजचा वार आला, 'उमा'.

तिने दाराकडे पाहिलं. नैवेद्य कालाचा. रविवारी काल होता, उद्या मंगळवारीही काल, मग आज उमा कशी?

दोनशे दहाला आठाने भाग जात नाही, दोन उरतात. ते दोन दिवस कुठेतरी मुरवावे लागतात, म्हणून या आठवड्यात कालाचा वार तीन दिवस ठाण मांडतो आणि तिथून पुढचे सगळे वार दोन घरं मागे सरकतात. जन्मभर तीन दिवस नैवेद्य ठेवणाऱ्या कादेकने आकडेमोडीत मात्र काल एकदाच धरला होता.

तिला ती संध्याकाळ आठवली. बापा वार म्हणत होते: "लुद्र, ब्रह्मा, काल, काल, काल, उमा." तिला वाटलं, अडकले. जेवलीस का, जेवलीस का, जेवलीस का, तसं. तिने दोन काल खोडले होते. अंगठ्याने, हळूच, त्यांना दिसू नये म्हणून.

तिने तीन ओळी घातल्या. दोनदा जागा चुकली, तिसऱ्यांदा चाललं. मग मागच्या फेरीतला क्रुलुतचा रविवार टाकला. उत्तर आलं, काल. गालुंगाननंतर फोन ज्याला श्री म्हणत होता तो प्रत्येक दिवस खरा कालाचाच निघत होता. तिने दिलेल्या बाकीच्या तारखा किरकोळ होत्या, कुणाची गोठ्याची मेढ, कुणाचं टपरीवजा दुकान. लग्न एकच होतं.

ती दिवसभर झेरॉक्स काढत राहिली आणि एका मास्तरांच्या प्रश्नपत्रिकेची पाठची बाजू कोरीच ठेवली. सांगितलं तर बापांची अब्रू जाते. नाही सांगितलं तर त्या पोरीच्या कपाळावर डाग राहतो, आयुष्यभर. कालाच्या दिवशी लागलेल्या लग्नाची शांत करता येते, पण चूक कळली तर ना!

मंगळवारी सकाळी ती मेमे कार्तीच्या अंगणात गेली. डुक्कर कापून झालं होतं, पुरुष लावार या सणाच्या पदार्थासाठी मांस बारीक करत होते, सुऱ्यांचा एकच कल्लोळ चालला होता. पुतू खोबरं किसत होती.

"ये देक, ये," मेमे कार्ती म्हणाली. "मांस न्यायला आलीस की कापायला?"

"मेमे, पुतूच्या लग्नाचा दिवस चुकला होता."

सुऱ्या थांबल्या.

"कोण म्हणतं?"

"मी. तो दिवस बापांनी काढला नव्हता. मी फोनवर काढला होता. तो श्री नव्हता, काल होता. चूक माझी आहे, पुतूची नाही."

मेमे कार्तीने हात पुसले. "फोनवर? माझ्या पोराचं लग्न तू फोनवर काढलंस? आणि तुझा बाप काय करत होता?"

कादेकने पुतूकडे पाहिलं.

"मी पेकाक राताच्या तोंडून ऐकला होता तो दिवस, या कानांनी. आता तू म्हणतेस तो खोटा. उद्या म्हणशील, मी पेकाकची मुलगीच नाही! चल, त्यांनाच विचारते. पुतू, ऊठ. ती मांसाची टोपली घे, रिकाम्या हाताने जायचं नाही."

पेकाक ओसरीवर बसले होते, धुतलेला सदरा घालून. मेमे कार्ती त्यांच्यापुढे मांडी घालून बसली. इतकी मोठ्या आवाजाची बाई, पण त्यांच्याशी तिचा स्वर आपोआप खाली आला.

"पेकाक, पोराच्या लग्नाची शांत करायचीय. आठ वारांतला चांगला दिवस हवा. आज कुठला आहे, तिथून मोजून सांगा. फोन नको. तुमच्या बोटांवर."

"मेमे, नको," कादेक म्हणाली.

"तू गप्प बस."

पेकाकनी उजवा हात वर केला. अंगठा करंगळीच्या पेरावर टेकला. आवाज एकदम जुना, खणखणीत आला. "श्री. इंद्र. गुरू. यम. लुद्र. ब्रह्मा." मेमे कार्तीने कादेककडे जळजळीत नजर टाकली. "काल," पेकाक म्हणाले. "काल. काल." तीनदा, कादेकने मोजलं. बरोबर होतं.

"काल," ते म्हणाले.

अंगठा त्याच पेरावर होता. "काल. काल." ते थांबेनात. स्वर तसाच खणखणीत, चेहरा तसाच ज्ञानी, आणि अंगठा पेरावर घासतोय. मेमे कार्ती आधी मान डोलावत होती. मग तिची मान थांबली. पुतूने तोंड दुसरीकडे फिरवलं. हे कुणी पाहू नये, एवढ्यासाठीच तर दीड वर्षं कादेक चुलीशी उभी राहून फोन चालवत आली होती, आणि आज तिने स्वतःच माणसं ओसरीवर आणली होती.

शेवटी तिने पुढे होऊन त्यांचा हात आपल्या हातात घेतला. तेव्हा ते गप्प झाले.

मेमे कार्ती उठली. मांसाच्या पुड्या ओसरीवर ठेवल्या. मग पुतूच्या हातातली रिकामी टोपली तिने स्वतः घेतली, सासूने सुनेच्या हातातली, भर अंगणात, आणि दाराशी जाऊन म्हणाली, "त्यांना जेवायला घाल, देक. दिवस आम्ही वरच्या वाडीत विचारू."

पुतू मागे रेंगाळली. "म्बोक," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती कादेकला म्हणाली, "मी रोज रात्री आठवायची, माझं काय चुकलं. काय खाल्लं, कुठे पाय पडला. आता ते नाही आठवावं लागणार." ती सासूच्या मागे गेली.

या ओसरीवर आता दिवस विचारायला कुणी येणार नव्हतं. कादेक हे जाणून होती. ती बापांचा हात धरून बसली.

"कोण होतं ते?" पेकाकनी विचारलं.

"कार्ती, बापा. मुलाच्या लग्नाच्या दिवसाबद्दल आली होती."

"मग? चांगला दिला ना मी?"

"तुम्ही नाही दिला, बापा. मी दिला."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिला ओळखल्यासारखं, आणि समाधानाने मान हलवली.

"तू दिलास? मग बरोबरच असेल."