चालू साइडिंगचा रंग

मला बाबांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायची माझी छाती होत नव्हती, म्हणून मी चार फुटांची रेल्वे बांधायला घेतली. गोष्ट एवढीच, की कापसाच्या ज्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीच्या साइडिंगवर, म्हणजे आत जाणाऱ्या रेल्वेच्या फाट्यावर, त्यांनी मुकादम म्हणून उभी हयात काढली, तिथले रूळ उचलले गेले होते. फॅक्टरी बंद पडून बरीच वर्षं झाली, ते त्यांना माहीत होतं. रूळ मात्र जागेवर आहेत असं ते धरून चालले होते. "फॅक्टरी काय, कोनीबी घेईन आन सुरू करीन. रूळ हायेत ना," असं पेपर वाचता वाचता म्हणायचे. एकदा केळझरहून परतताना मी सहज त्या बाजूने वळलो, तर जमीन सपाट करून चुन्याने प्लॉट आखलेले. घरी आलो आणि जेवायला बसलो.

मी तसा तापट माणूस. हिंगणीच्या शाळेत चित्रकला शिकवायचो तेव्हा माझा आवाज शेजारच्या दोन वर्गांना पुरायचा. पण वाईट बातमी सांगायची म्हटलं की दातखीळ बसते. बाबांचे गुडघे गेलेत, ते अंगणापलीकडे जात नाहीत, म्हणजे त्यांना कळणार ते माझ्याकडूनच. आधी त्यांची साइडिंग त्यांच्यासमोर ठेवायची आणि मग सांगायचं, असा बेत मी केला. बेत कसला, पळवाटच होती ती.

रूळ ऑनलाइन मागवले. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे, बोटाच्या पेराएवढे रुंद. प्लायवूडची फळी, मधल्या खोलीतलं टेबल. वॅगनसाठी घरात साठलेल्या लग्नपत्रिकांचा जाड पुठ्ठा कापला. शेडचे टीन मी जेवणाच्या पार्सलच्या चंदेरी फॉइलच्या डब्यातून काढले. कंगव्यावर दाबलं की पन्हळ उमटते. रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठींसाठी लाकडाचे ठोकळे, त्यांना बँडेजपट्टी गुंडाळून वर बारीक तार आवळलेली. जमिनीसाठी शेतातली काळी माती आणून वाळवली आणि बायकोच्या मैद्याच्या चाळणीने चाळली. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. चाळणी नवी आणून दिली.

इंजिन मात्र नाही. रुईला ठिणगी चालत नाही, त्यामुळे फॅक्टरीच्या फाटकाच्या आत कधीच इंजिन आलं नाही. इंजिन वॅगन बाहेरच सोडायचं आणि बाबांची गँग पहारी लावून, खांदे देऊन ती आत ढकलायची. आत जाणाऱ्याने बिडी-काडी फाटकावरच्या डब्यात टाकायची, मग तो मॅनेजर का असेना. त्यामुळे माझ्या रेल्वेला ना मोटर, ना वायर. बोटाने ढकलायची.

आता शेवटचं काम, रंग मुरवायचं. नवा रंग खेळण्यासारखा दिसतो, म्हणून या नादातली माणसं मॉडेलवर ऊन, धूळ, पाणी, गंज असं सगळं रंगाने आणतात. हे तर माझंच क्षेत्र. फॅक्टरी बंद झाल्यावर एकदा फाटकाबाहेरून काढलेला फोटो मोबाइलमध्ये होता, तो समोर ठेवला. गेरू पाण्यात कालवला, भांडी घासायचा तारेचा काथ्या व्हिनेगरमध्ये भिजवून खराखुरा गंज तयार केला. रूळ, टीन, वॅगनचे सांधे, वॅगन दुसऱ्या रुळावर वळवायच्या काट्याचा दांडा, सगळ्यांवर थरावर थर दिले. टिनावरून ओघळ आले तेव्हा मी स्वतःवरच खूश होतो. इतकं चांगलं काम नोकरीत कधी झालं नव्हतं.

सकाळी चहा झाल्यावर बाबांना टेबलापाशी आणून बसवलं. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं.

"हे कोनाचं हाय?"

"तुमची साइडिंग, बाबा."

"माही?" त्यांनी रुळावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. "माह्या हाताखाली रुळाले गंज? काऊन बे? लोकं काय म्हनतीन?"

मधल्या खोलीत कोणते लोक येणार होते, कोण जाणे. त्यांच्या गँगमधला आता एकही माणूस उरलेला नाही. पण त्यांचा चेहरा खरोखर पडला होता.

"जुनं दिसाले लावला," मी म्हणालो.

"जुनं येगळं आन बंद येगळं. रोज वॅगन ढकलली त रूळ वरून चमकते. हे तू बंद पडल्यावरचं केलं. बंद पडल्यावर मी तिथं नोतो."

मी भडकलो. दोन महिने डोळे फोडून काम केलं त्याची ही किंमत, वगैरे बोललो. बाबा भिंत धरत आपल्या खाटेवर गेले. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमी फोटोले इचारलं. त्यायले काऊन नाई इचारलं?"

लाज वाटली. लहानपणी बाबांचा डबा घेऊन मी त्या साइडिंगवर शेकडो वेळा गेलो होतो, आणि रंगवताना त्यातलं काहीच आठवून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बारीक पॉलिश पेपर घेऊन बाबांच्या खाटेपाशी गेलो आणि विचारलं, "वरून किती चमकत होते?" पुढचे आठ-दहा दिवस मुकादम पुन्हा कामावर होते. रुळाचा फक्त माथा घासायचा, बाजू तपकिरीच ठेवायच्या. चाकांच्या आसापाशी गंज नाही, तिथे तेल आणि रुई मिळून काळा चिकट मळ बसतो. तो मी काजळ आणि कापसाचे तंतू डिंकात कालवून केला. टिनावर, तारांवर, कडुनिंबाच्या झाडावर रुईचा पांढरा फुफाटा पाहिजे. "आमच्या पापण्याबी पांढऱ्या होत," ते म्हणाले. काट्याच्या दांड्याची मूठ हातांनी काळी पडलेली, आणि तिच्या खाली दर दसऱ्याला लावलेल्या हळदकुंकवाचे डाग, एकावर एक. ती पूजा झाल्याशिवाय हंगामातली पहिली वॅगन आत घेत नसत. ते डाग त्यांनी स्वतः लावले, काडीच्या टोकाने. एक डाग सुटून रुळाखालच्या स्लीपरवर पडला. "राहू दे, तिथंबी सांडे," म्हणाले.

सगळं वाळल्यावर त्यांनी गाठी भरलेल्या वॅगनला बोट लावलं. "जोर लगाके," असं हलक्या आवाजात म्हणाले, आणि वॅगन शेडपर्यंत नेली. ते इतके खुशीत होते की आता सांगूच नये असं मला वाटलं. मग स्वतःचाच राग आला. ज्या माणसाने मॉडेलवरचा खोटा गंज खपवून घेतला नाही, त्याच्यापासून मी खरी गोष्ट लपवत होतो.

"बाबा, तिथले रूळ उचलले."

त्यांचं बोट वॅगनवरच राहिलं. "कवा?"

"उन्हाळ्याआधी. प्लॉट पाडून राह्यले."

"सगळे? काट्याचा दांडाबी?"

"सगळं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी समजुतीची वाक्यं तयार ठेवली होती, महिनोन्‌महिने घोळवलेली.

"बरं झालं," बाबा म्हणाले. "गंजत त नाई पडले."

त्या वाक्यांची गरजच पडली नाही. रडू मला आलं, आणि पाठीवर हात त्यांनी फिरवला.