न पाहिलेल्या झऱ्यापर्यंत सायकलने

शनिवारी सकाळी साडेपाचला आम्ही गुरुग्रामच्या फ्लॅटमधून निघालो, तेव्हा गाडीच्या पाठीला दोन सायकली बांधलेल्या होत्या, मागच्या सीटवर दोन हेल्मेटं होती आणि पुढच्या सीटवर मांडीवर थर्मास घेऊन एक खोटारडी बाई बसली होती. ती मी.

खोटं तसं जुनं आहे. तिशीत असताना मी आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत अरवलीतल्या सायकल सहलीचं वर्णन लिहिलं होतं. ह्यांची केंद्र सरकारची नोकरी, आम्ही तेव्हा करोल बागेत राहायचो. बसच्या टपावर दोन सायकली टाकून आम्ही नवराबायको फरिदाबादकडच्या एका गावी गेलो होतो. गावामागच्या डोंगरावर भैरोंचं देऊळ आहे, तिथवर जायचं. लेखात मी गेले. लेखात देवळामागे ‘रजतधारांनी बारमाही निर्झर कोसळतो’ आणि मी त्याचं ‘अमृततुल्य जल’ ओंजळीने पिते. लेखाला पहिलं बक्षीस मिळालं. तो हा थर्मास.

खरं सांगायचं तर गावाबाहेर अर्ध्या मैलावर एक कोरडा नाला आला. त्यातली वाळू आणि गोटे बघून त्या शूर बाईने सायकल बाभळीला टेकवली, चप्पल तुटल्याचं जाहीर केलं (चप्पल धडधाकट होती), अलीकडेच बसून डब्यातल्या पुऱ्या संपवल्या आणि पुढचा प्रवास करोल बागेतल्या ओट्याशी बसून, आमटीला उकळी येईपर्यंत लिहून काढला. ह्यांनी लेख वाचला आणि एवढंच म्हणाले, “शुद्धलेखन चांगलं आहे.” पुढे जन्मभर त्यांनी तोंड उघडलं नाही. आता ते नाहीत, म्हणजे साक्षीदारही उरला नाही, अशा समजात मी होते.

पण सई आहे ना. माझी नात, सव्वीस वर्षांची, आयटीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी ग्रॅव्हल बाईक चालवते. ही सायकल दिसायला शर्यतीची, टायर मात्र जाड, डांबर सोडून खडीमातीच्या वाटांवर पळवायची. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिच्या सायकल ग्रुपचं नेतृत्व पहिल्यांदाच तिच्याकडे आलं होतं. बावीस जण, आणि वाट कुणी न पाहिलेली हवी. आठवडाभर आधी तिने माळ्यावरून ती स्मरणिका शोधून काढली.

“आजी, निर्झर म्हणजे काय?”

“झरा गं. पाणी.”

“किती पाणी? बावीस जणांच्या बाटल्या भरतील?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “जुनी गोष्ट आहे, आटलाही असेल.”

“बिल्कुल नाही. तू ‘बारमाही’ लिहिलंयस. मी बाबांना विचारलं, म्हणजे बारा महिने.” आणि तिने ग्रुपवर मेसेज टाकूनही दिला. प्रत्येकी एकच बाटली आणा, वर पाणी आहे. मार्चचं ऊन, आणि एकच बाटली! शनिवारी ती वाट फोनवर नोंदवायला एकटी जाणार होती. मी म्हटलं, मीही येते. रोज सोसायटीच्या आवारात सायकल चालवते, त्यामुळे कुणाला नाही म्हणता आलं नाही. माझ्यासाठी बॅटरीची सायकल भाड्याने आली. वाटेत कबूल करायचं, असं मी ठरवलं होतं.

गाडीत ती गाणी ऐकत होती, म्हणून राहिलं. गावाच्या तोंडाशी ढाब्यावर मुळ्याचे पराठे आले, वर पांढरं लोणी, म्हणून राहिलं. लोणी वितळत असताना कबुलीजबाब कोण देतं? ढाबेवाल्याने माझं हेल्मेट बघून विचारलं, “अम्मा जी, आप भी चलाओगी?”

“चलाऊँगी. दो पराठे बाँध दो, जहाँ गिरूँगी वहीं बैठके खा लूँगी.”

गावाबाहेर डांबर संपलं आणि चाकांखाली खडी करकरायला लागली. लालसर माती, मध्येच अभ्रकाची चमक, दोन्ही बाजूंना कीकर (आपली बाभूळ), आणि त्यांच्या गर्दीत एखादा पळस असा फुललेला की बाकीची झाडं ओशाळावीत. मोर ओरडत होते. लेखात मी ‘केकारव’ लिहिलं होतं. प्रत्यक्षात कुणीतरी मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखा आवाज येतो.

सई पुढून ओरडत होती, “आजी, ब्रेक जोरात दाबू नकोस! हात ढिले सोड! लांब बघ!” मी लांब बघितलं आणि जवळच्या वाळूत आडवी झाले. कोपर खरचटलं, थर्मास वाचला.

मग नाला आला. तोच. वाळू तीच, गोटेही बहुधा तेच. सायकल टेकवायला बाभूळही होती. मी उतरले आणि माझ्या चपलेकडे, म्हणजे आता बुटाकडे, आपोआप माझी नजर गेली.

“सई, थांब. मी ह्याच्या पलीकडे कधी गेलेलेच नाही.”

“मतलब?”

“मतलब झरा मी रचला. देऊळ लांबून पाहिलं. इथे बसून पुऱ्या खाल्ल्या आणि परत गेले.”

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिने हेल्मेट काढलं. “आजी, मी बावीस लोकांना लिहून दिलंय. सगळ्यांना सांगितलंय, माझ्या आजीने पाहिलेली जागा आहे. आणि तू आठवडाभर गप्प?”

‘चकित नेत्रांनी’ वगैरे शब्द मला चटकन सुचतात, माफीचे सुचायला वेळ लागला. मी म्हटलं, “चुकलं माझं. ग्रुपला सांग, आजीने फसवलं.”

तिने फोन काढला, परत खिशात ठेवला. “चल.”

“कुठे?”

“जिथे तू जाऊन आलीयेस तिथे.”

सायकली ढकलत नाला पार केला. सांगायला लाज वाटते, त्याला चार मिनिटं लागली. चार मिनिटांच्या वाळूला भिऊन त्या बाईने अख्खा धबधबा बांधला! पुढची चढण मात्र खरीच निघाली. मोठ्या रुबाबात मी बॅटरी पूर्ण जोरावर ठेवली होती. देऊळ दिसायला लागलं आणि ती संपली. बॅटरी संपलेली सायकल म्हणजे हट्टाला पेटलेली म्हैस. सई मागून ढकलत होती. रागावलेली नात ढकलते जोरात.

देऊळ म्हणजे शेंदूर फासलेला दगड, एक घंटा आणि पत्र्याचं छप्पर. मागे जाऊन पाहिलं. उघडा खडक, काटेरी झुडपं, आणि खूप खाली धुरक्यात गुरुग्रामचे मनोरे. पाण्याचा थेंब नाही. शेळ्या चारणारी एक चाळिशीची बाई सावलीत बसली होती.

“ताई, रास्ता भूल गई के?” तिने मला विचारलं. (इकडे ताई म्हणजे थोरली काकू. क्षणभर मी बहीण समजून खूश झाले होते.)

सईने मुद्दाम विचारलं, “यहाँ कोई झरना है? बारह महीने वाला?”

बाई खो खो हसली. “झरना होता तो म्हारी सास बावली थी, जो सारी उमर सिर पै मटका ढोया?”

सईने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलताना मला दिसले. तिघी पराठे खायला बसलो. मी थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्या बाईला दिला. ती पिऊन सांगत होती की पलीकडच्या उतरणीला, ढाणीत (चारदोन घरांची वस्ती), हातपंप आहे, पाणी खारट नाही, आणि सायकली तिथवर सहज जातील. तेवढ्यात तिच्या शेळीने झाकणाला ढुशी मारली. ते टणटण करत खडकावरून गेलं आणि खालच्या काट्यांत दिसेनासं झालं.

हातपंप खरोखर होता. सईने दांडा हापसला, मी ओंजळ धरली. पाण्याला गंजाची चव होती. तिने तिथेच ग्रुपला लिहिलं: “वाट बदलली. झरा नाही, माझ्या आजीची थाप होती. सगळ्यांनी दोन-दोन बाटल्या आणा, उतरल्यावर हातपंप आहे. मी स्वतः चालवून बघितलाय.” शेवटचं वाक्य मला वाचून दाखवताना ती माझ्याकडे रोखून बघत होती.

रविवारी बावीसच्या बावीस जण गेले आणि धडपणे परत आले. मी घरी कोपराला हळद लावून बसले होते. संध्याकाळी सईने स्मरणिका माझ्यापुढे टाकली, “आता खरं लिही.” म्हणून हे लिहिलं.

तेव्हाच्या त्या बाईला मी आठवडाभर हसते आहे. पण शेवटी तीही माझीच. तिला वाटायचं, नुसती गेले आणि दमले एवढं लिहिलं तर कोण वाचणार? मंडळाला बक्षीस परत हवं असेल तर थर्मास धुऊन ठेवला आहे. झाकण मात्र मिळायचं नाही. ते भैरोंच्या देवळामागे काट्यांत पडलंय, नाल्याच्या पलीकडे. ज्यांना माझ्यावर विश्वास नाही, त्यांनी जाऊन बघावं. पाणी बरोबर न्यावं.