पारशिवनीच्या पाणपिसवा

नागपूरला निघाले तेव्हा आमच्या कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, "पाणपिसवा जिवंत आणून दाखवा, मग मासे बंद करू." कारखान्याचं सांडपाणी किती विषारी आहे हे ठरवायला सात वर्षं मी त्यात जिवंत मासे सोडत होते आणि चार दिवस त्यांचं मरण मोजत होते. मला त्याचा वीट आला होता. तळ्यातली मोहरीएवढी पाणपिसूही तीच खबर देते, असं वाचलं होतं.

नागपुरात एका प्राध्यापकांनी बरणीभर पिसवा दिल्या. पण प्रताप नगरला मावशीकडे येताना सायकलरिक्षाच्या धक्क्यांनी निम्मं पाणी सांडलं. मी नळाचं ओतलं. सकाळी सगळ्या तळाशी! नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं हे मी, रसायनशास्त्र शिकलेली बाई, विसरले. स्वतःचाच भयंकर राग आला.

मावशीने पोह्यांवर तर्री (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) ओतली. "रडून काय होऊन राहिलं वं? सरायनं जिथून आणल्या, तिथं जाय."

ती जागा म्हणजे पारशिवनीजवळची एक बोडी (लहान तळं). एसटीने गेले. थंडी होती, बांधाबांधावर तूर पिवळी झाली होती. बोडीत जाळं टाकणाऱ्या सखूबाईंना माझं काम सांगितलं. त्यांनी जुन्या लुगड्याचं फडकं पाण्यातून फिरवून पिसवा गोळा केल्या आणि बोडीच्याच पाण्यात बरणी भरून दिली. वर घरी नेऊन भात आणि माशाचा रस्सा वाढला. मी बोटं चाटून खाल्ला.

"मासे वाचवायले आल्या, अन् मासेच खाऊन राहिल्या!" त्या हसल्या.

"तुमचा मासा घटकाभरात मरतो. माझा चार दिवस मरत राहतो."

त्यांचं हसू मावळलं. "अन् तुमी पाहून राहता? कसं पाहवते जी?"

परतीच्या गाडीत बरणी मांडीवरून खाली ठेवली नाही. शेजारच्या आजोबांनी लोणचं आहे का विचारलं, तेव्हा नुसती हसले.

पिसवा जिवंत कोल्हापूरला पोचल्या. त्याच आठवड्यात एका रंगाच्या कारखान्याचं पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक पिसवा निपचित होत्या. साहेबांनी भिंगातून दोनदा पाहिलं. "या पाण्याला मासे नकोत," म्हणाले. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

मग उरलेल्या मोजायला मी भिंगाला डोळा लावला. एक पिसू अजून जिवंत होती. तिचं इवलंसं हृदय काचेसारख्या अंगातून धडधडताना स्पष्ट दिसत होतं. मासे सुटले. आता हिलाही सोडवायचं आहे, आणि तोवर मी हे काम सोडणार नाही.