सगळ्यांच्या मागे धावणारे भोयरकाका

मधुकरराव भोयर यांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळते. पण काकांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी खुद्द काकांनीच एक अट घातली आहे. ती अट काय, ते पुढे येईलच. तिच्यापायी मला सगळेच खरे लिहावे लागणार आहे, म्हणून सुरुवातही खरीच केलेली बरी.

मी जबलपूरच्या गढा भागात राहते आणि रेल्वेच्या ऑफिसात नोकरी करते. तेव्हा माझे शरीर ऑफिसातल्या खुर्चीला अगदी साजेसे झाले होते. डॉक्टरांनी दम भरल्यावर एका सकाळी मी घराजवळच्या मदनमहालच्या टेकडीवर चढायला लागले. एक घोळका हसत-बोलत माझ्या पुढे धावत गेला, पण त्यातला पांढऱ्या केसांचा एक माणूस मागेच राहिला. मी थांबले की तो थांबे, मी चालू लागले की तोही चालू लागे. "मेला म्हातारा मागेच लागलाय," असे पुटपुटून मी वळले आणि त्याला हिंदीत खडसावले, "क्यों जी, पीछे-पीछे क्यों आ रहे हो?"

ते शांतपणे मराठीत म्हणाले, "बाई, मी मागेच राहत असतो. जो शेवटचा, त्याच्या मागे. आज तुम्ही शेवटच्या आहात." मग म्हणाले, "आणि म्हातारा तर आहोच. मेलो नाही अजून."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. पण खरी लाज वाटली ती खाली उतरल्यावर. टेकडीच्या पायथ्याशी चहाची टपरी आहे. तो सगळा घोळका तिथे रिकाम्या हातांनी उभा होता. चहा केव्हाचा उकळून तयार होता. टपरीवाल्या भैयाने विचारले, "सब आ गए?" काका म्हणाले, "आ गए," आणि मग कुठे ग्लास भरले गेले. मी त्यांच्यातली नव्हते, माझे नावही कोणाला ठाऊक नव्हते, तरी मी खाली येईपर्यंत कोणी घोटभर चहा घेतला नव्हता. शेवटचा माणूस पोचल्याशिवाय कोणी चहाला तोंड लावायचे नाही, हा भोयरकाकांचा नियम. दुसऱ्या दिवसापासून मी त्या मंडळीतली झाले.

हा नियम काकांनी कारखान्यातून आणला होता. ते संरक्षण कारखान्यात चार्जमन म्हणून एका विभागावर देखरेख करत. त्यांच्या विभागात सगळे हात धुऊन आल्याशिवाय चहाची केटली उघडत नसे. त्यांचे एक जुने सहकारी सांगतात, की एकदा एक नवा कामगार साहेबाची बोलणी खाऊन यंत्राआड तोंड लपवून बसला होता. सगळा विभाग केटलीभोवती बसून राहिला. केटली गार झाली, पण उघडली नाही. शेवटी काका स्वतः उठून गेले, त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि त्याला घेऊनच आले. त्यानंतर सगळ्यांनी तो गार चहा घेतला आणि कामाला लागले.

माझे वडील गेले तेव्हा मला भाऊ नसल्यामुळे अग्नी मीच दिला. नर्मदेकाठच्या ग्वारीघाटावरून एकेक करत सगळे परतले. मी तिथेच बसून राहिले. बऱ्याच वेळाने मागे वळून पाहिले तर काका थोड्या अंतरावर उभे होते. ते चला म्हणाले नाहीत. मी उठले तेव्हा माझ्या मागून चालू लागले आणि घराच्या दारापर्यंत मागेच राहिले. इतके धीर देणारे दुसरे काही त्या दिवशी मला कोणी दिले नाही.

आता काकांच्या अटीकडे येते. या ग्रंथाची कल्पना घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी सरळ नकार दिला. "गौरव कशाचा करून राहिले? विनायकचं सांगता का त्यात?" मग ते म्हणाले, "विनायकचं पूर्ण लिहा. ते लिहिणार असाल तर माझं नाव घाला. नाही तर राहू द्या."

म्हणून विनायकबद्दल लिहिते.

विनायक शहरातल्या ओमती भागात राहणारा, काकांच्याच कारखान्यातला तरुण फिटर. काकांना तो गुरू मानत असे, आणि धावण्यात आमच्यापैकी कोणी त्याच्या जवळपासही नव्हते. हिमालयातल्या एका उंच खिंडीवरून जाणाऱ्या मॅरेथॉनचे वेड त्यानेच आणले. काका आधी राजी नव्हते. "आपण टेकडीवरची माणसं, पहाडावरची नाही," असे म्हणत. विनायकने पिच्छा सोडला नाही. शेवटी आम्हा पाच जणांची तयारी सुरू झाली. काका तेव्हा निवृत्त झालेले, साठी उलटलेले. त्यांनी प्रत्येकाची डॉक्टरांकडून तपासणी करवून घेतली, बूट-टोप्या-मोजे स्वतः पाहिले, विरळ हवेची सवय व्हावी म्हणून आम्हाला पुष्कळ दिवस आधी वर नेले. कशातच कसूर ठेवली नाही. राहिली ती एकच गोष्ट, आणि ती कोणाच्या ध्यानात येणे शक्यही नव्हते. टपरीवरची आमची सवय आम्ही पहाडावर बरोबर घेऊन गेलो होतो.

शर्यतीच्या दिवशी सकाळी ऊन स्वच्छ होते. मी नेहमीप्रमाणे शेवटची आणि काका माझ्या मागे. खिंडीच्या माथ्याच्या अलीकडे आभाळ भरून आले आणि गारा सुरू झाल्या. वारा असा, की समोरचा रस्ता दिसेना. माझे डोके फुटायला आले, ओकाऱ्या होऊ लागल्या. मागून येणारी मदतीची गाडी एका आजारी धावपटूला घेऊन आधीच खाली गेली होती. बसून राहणे म्हणजे मरणे, हे काकांनी ओळखले. स्वतःची लोकरीची टोपी काढून त्यांनी माझ्या डोक्यात घातली, हातमोजे माझ्या हातात चढवले आणि मला धरून चालवू लागले.

मला पावले टाकायला लावण्यासाठी ते जबलपूरच्या रस्त्यांची नावे घेत होते. "हे कमानिया गेट आलं समजा. आता ओमती. थोडंसंच राहिलं, मग आपला गढा." मी म्हटले, "काका, मला इथेच राहू द्या." तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "असं कसं राहू देऊ? खाली सगळे चहासाठी थांबून राहिले असतील. चला!"

ते वाक्य आम्हा दोघांना जन्मभर पुरेल.

कारण खाली खरेच कोणी थांबले होते. आमच्या पाच जणांत विनायक सगळ्यांत आधी पोचला होता. शर्यतीच्या शेवटाला तंबू होता, तिथे शेगडी होती, गरम सूप होते, कांबळी होती. तिथल्या मुलांनी त्याला आत बोलावले. तो म्हणाला, "काका आ जाएँ, फिर साथ में लेंगे." घामाने आणि गारांनी भिजलेल्या शर्टावर एक पातळ जाकीट चढवून तो रस्त्याकडे तोंड करून दगडावर बसला. बाकीचे दोघे पोचले, तेही आधी त्याच्याशेजारी बसले. थंडी सोसेना तेव्हा ते आत गेले आणि त्याला हाका मारत राहिले. तो हसून हात हलवत राहिला. खालच्या मैदानी गावातल्या टपरीवर असे थांबणे ही माया होती. त्या वाऱ्यात ती माया नव्हती.

काका मला घेऊन उतरले तेव्हा तो दगडावरून उठला आणि पडला. त्याचे बोलणे जड झाले होते, अंगाचे कापणे थांबले होते. आधी आम्हाला वाटले दमला आहे. काकांनी त्याच्या गळ्याला हात लावला आणि ते ओरडले. मी त्यांना ओरडताना त्याआधी कधी ऐकले नव्हते, नंतरही नाही. डॉक्टरांनी करायचे ते सगळे केले. खालच्या दवाखान्यात नेताना वाटेतच विनायक गेला.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, की दमलेल्या शरीरात थंडी शिरली. वेळेवर कोरडे कपडे आणि गरम काही पोटात गेले असते, तर कदाचित वाचला असता. आम्ही बाकीचे त्या 'कदाचित'ला धरून बसलो. काकांनी तो शब्द ऐकलाच नाही.

जबलपूरला परतल्यावर पुष्कळांनी काकांना सुचवले, की पहाडावर काय काय झाले ते घरच्यांना सगळे सांगायची गरज नाही. मी त्यांच्याबरोबर विनायकच्या घरी गेले होते. त्याची पत्नी शुभांगी भिंतीला टेकून बसली होती. काका तिच्यासमोर उभेच राहिले. ते म्हणाले, "बेटा, विनायक आधी पोचला होता. गरम सूप होतं, कांबळं होतं. माझ्या नियमासाठी त्यानं घेतलं नाही. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून मी सांगून राहिलो."

शुभांगी म्हणाली, "तुम्ही जा काका. आता नका येऊ."

काका गेले. टेकडीवरही ते पुन्हा आले नाहीत. ते येत नाहीत म्हणून हळूहळू कोणीच येईनासे झाले. मी आणि आणखी एक-दोघे सवयीने पायथ्यापर्यंत जात असू आणि चहा न घेताच परतत असू. भैयाही काही विचारत नसे. काका या काळात किती खंगले, ते ज्यांनी पाहिले त्यांना माहीत आहे. बाजारात भेटले तरी नुसती मान हलवून पुढे जात. हे गृहस्थ आता फार दिवस काढत नाहीत, असे मला स्पष्ट वाटू लागले होते.

थंडीच्या एका सकाळी शुभांगी टपरीवर येऊन उभी राहिली. तिने मला विचारले, "काका कुठे आहेत, ताई?"

"ते येत नाहीत आता."

"बोलवा त्यांना."

काका आले आणि टपरीपासून लांबच थांबले. शुभांगीच त्यांच्याकडे चालत गेली. तिच्या आवाजात राग होता आणि तो तिने लपवला नाही. "काहून बंद केलं तुम्ही हे सगळं?"

"मग काय करू, बेटा?"

"बंद करणं सोपं आहे. त्यांचा जीव गेला ज्याच्यापायी, ते तुम्ही असंच फेकून देऊन राहिले? नियम बदलवा. जो पहिला येईल, त्याला पहिले चहा. कोरडा टॉवेल, गरम चहा, मग बाकीचं. मी उभी राहते इथे. पाहते कोण नाही म्हणते ते." आणि वळून म्हणाली, "भैया, चूल्हा जलाओ."

काका टपरीच्या बाकावर बसले आणि चेहरा हातांत घेऊन रडले. आम्ही कोणी त्यांना अडवले नाही.

तेव्हापासून आजपर्यंत तो नवा नियम चालू आहे. धावून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात शुभांगी आधी टॉवेल देते, मग ग्लास. कोणी 'बाकीचे येऊ देत' म्हटले, तर तिचा एक कटाक्ष पुरतो. नवीन आलेल्या मुलामुलींना यात काही विशेष आहे असे वाटतही नाही, आणि तेच बरे आहे. पूर्वी काका खाली उतरले की माणसे मोजत. आता ते आमच्या हातांतले ग्लास पाहतात. सगळे ग्लास रिकामे दिसले की त्यांचा चेहरा जरा सैल होतो, आणि मग ते स्वतःचा चहा घेतात.

हा लेख लिहायला घेण्यापूर्वी मी शुभांगीला भेटले. तुझ्याविषयी काय लिहू, असे विचारले. ती म्हणाली, "मी माफ केलं असं लिहू नको, ताई. तसं झालं नाही अजून. होईल का, ते माहीत नाही. त्यांचा चहा थंड झाला की मी परत गरम करून देते. एवढंच लिही."

तेवढेच लिहिले आहे. काकांचा गौरव यापलीकडे काय करायचा, ते मला कळत नाही. चुका सगळ्यांच्याच हातून होतात, आणि काकांच्या हातून झाली तिला चूक म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. पण जिला ते सांगणे सगळ्यांत अवघड होते, तिच्यासमोर उभे राहून त्यांनी ते सांगितले. तिने जा म्हटल्यावर ते गेले, आणि 'या' म्हटल्यावर मान खाली घालून आले. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता काकांचे गुडघे कुरकुरतात. धावणे सुटले आहे, टेकडी ते काठी टेकत चढतात. आमच्यात सगळ्यांत सावकाश आता तेच. त्यांच्या मागे कोणीतरी राहावे म्हणून मी एकदा थांबले, तर चिडले. म्हणाले, "तुम्ही चला पुढे. चहा घ्या. माझ्यासाठी थांबायचं नाही."

काका, पंचाहत्तरी पूर्ण केल्याबद्दल या ग्रंथातून तुम्हाला आमचा सगळ्यांचा नमस्कार. तुमचे गुडघे टिकोत, दम टिको, शुभांगीच्या हातचा गरम चहा पुष्कळ वर्षे तुमच्या वाट्याला येवो. आमची काळजी करू नका. आम्ही खाली पोचलो आहोत, अंग कोरडे केले आहे, आमचे ग्लास रिकामे झाले आहेत. कोणी थंडीत बसलेले नाही. तुम्ही अगदी सावकाश या.