हक्कानं येणाऱ्या काकू

“पाव्हणी नाय मी. हक्कानं आलेय!” दारावर छत्रीची मूठ आपटून काकू हे एवढ्या मोठ्यानं म्हणत, की पलीकडच्या गल्लीतल्या बायाही खिडकीत येत. असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपण शरमून चार पावलं मागं उभे राहतो, आणि मनातून मात्र त्याचं कौतुक वाटत असतं.

मी काकूंच्या ट्रस्टचा चिटणीस. शहरातल्या जुन्या नहरीचे मनोरे जपणं, एवढंच त्या ट्रस्टचं काम. पूर्वी जमिनीखालून येणाऱ्या नहरीचं पाणी या मनोऱ्यांत वर चढून गल्लोगल्ली वाटलं जायचं. आमच्या भागातलं पाणी कधीच बंद झालं होतं, पण मनोरे उभे होते. त्यातला एक काकूंच्या सासऱ्यांच्या अंगणात होता. पोलीस ॲक्शननंतर त्यांनी ते घर विकलं, तेव्हा खरेदीखतात अटच घातली: मनोरा पाडायचा नाही, आणि दरवर्षी त्यांनीच काढलेल्या या ट्रस्टनं आत जाऊन तो पाहायचा. घर पुढं कुणीही घेवो, अट घराबरोबर जाणार.

बऱ्याच वर्षांनी ते घर चितेगावच्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या एकानं घेतलं. त्याला अंगणात दुकानं काढायची होती आणि मनोरा आडवा येत होता. माणूस मोठा गोड. आम्ही गेलो की खुर्च्या, चहा, चिवडा. त्याची म्हातारी आई पाण्याचा तांब्या घेऊन स्वतः पुढं यायची. काकू कशालाच हात लावत नसत. सरळ मनोऱ्यापाशी जात, विटा तपासत आणि बाहेर पडत. एकदा माझा हात चिवड्याकडे गेला, तर बोटांवर छत्री बसली.

“अहो काकू, घोटभर चहानं काय होतंय?” बाहेर आल्यावर मी कुरकुरलो.

“चहा पिला की पाव्हणी झाले. पाव्हणीला उद्या ‘येऊ नका’ म्हनता येतं. ट्रस्टला म्हनता येत नाय.”

मला तेव्हा हा निव्वळ आडमुठेपणा वाटला. चिवडा चांगला दिसत होता, हेही खरं.

मग एके वर्षी मालकानं मनोऱ्याभोवती पत्रे ठोकले आणि दारातूनच हात जोडले, “येऊ नका.” काकूंनी ट्रस्टतर्फे दावा लावला. मालकाचा वकील कोर्टात म्हणाला, हक्क म्हणून ट्रस्टचं कुणी कधी आलंच नाही, तो हक्क कधीच सुटला. शेजारधर्म म्हणून आम्ही बाईंना येऊ देत होतो, पाहुणचार करत होतो, आता येऊ देत नाही. आणि पाहुणचाराची साक्ष द्यायला त्यानं मालकाच्या आईलाच उभं केलं.

म्हातारी उसळलीच. “कसली पाव्हणी! इतकी वर्सं दार बडवून आत येती, म्हनती हक्कानं आलेय. पान्याचा थेंब घेतला नाय कधी! आमी मेंढरामागं फिरणारी माणसं. आमचं पानी चालत नसंल तिला!”

वकील मटकन खाली बसला. दावा आम्ही तिथंच जिंकला, पण काकूंचा चेहरा पार उतरला होता. बाहेरच्या व्हरांड्यात त्यांनी म्हातारीचा हात धरला.

“माय, तसं नव्हतं वो. हक्क राखला, पर तुमचं मन राखलं नाय. तुमच्या घरात मला पानी पिता येत नाय. माझ्या घरी चला. एका ताटात जेवू.”

मालक “आई, गाडीत बस” म्हणत राहिला. म्हातारी काकूंच्या रिक्षात बसली. त्या दोघी एका ताटात पिठलं-भाकरी जेवल्या. वाढायला मी होतो. पुढं म्हातारी काकूंकडे सारखी येऊ लागली. दोघींच्या गप्पा लई रंगायच्या, तिसऱ्याला त्यात जागा नसायची.

काकू गेल्या तेव्हा मी पोरासारखा रडलो. त्यानंतरच्या पाहणीला एकटाच गेलो. दार हळूच वाजवलं. मालक आडवा उभा राहिला.

“आता कशाला? ज्यांचा हट्ट होता, त्या तर गेल्या.”

मी कायदा सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून म्हातारी आली.

“बाई गेली. ट्रस्ट नाय गेला. सरक बाजूला!”

तो सरकला. म्हातारी माझ्यापुढं चालत मनोऱ्यापाशी गेली आणि पदरानं डोळे पुसून म्हणाली, “आता नीट बघा. बाई बघायची तसं.”