नवेगाव बांधाच्या पाळीवरून सोडियमची खबर

सोडियमच्या बॅटऱ्या आमच्या पुण्याच्या लॅबमध्ये एकामागून एक मरत होत्या. चार्ज करताना सोडियमला सुयांसारखे काटे फुटत, ते मधला पडदा भेदत आणि सेल शॉर्ट होई. आतल्या द्रावणात, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमध्ये, एक रसायन किंचित मिसळलं तर धातूवर पातळ, चिवट थर बसून काटे थांबतील, अशी माझी खात्री होती. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "ही शेवटची खेप. नाहीतर विषय बदल." रसायन नसलेला, कमी घातलेला आणि जास्त घातलेला असे तीन सेल चार्ज-डिस्चार्जच्या मशीनवर चढवले आणि लॅबमधली मैत्रीण रेखा म्हणाली, "इथं बसून काय करशील? आमच्या नवेगावला चल."

रात्रभराच्या रेल्वेने गोंदिया गाठलं. स्टँडबाहेर तर्री-पोहे खा, पण तिखट बेतानं सांगा. कोहमाऱ्याला बस बदलली की पुढे दुतर्फा जंगल. जानेवारीत जा, नवेगावचा तलाव पक्ष्यांनी भरलेला असतो.

रेखाच्या घरी जेवणात तलावातलीच मासळी आणि घरचा भात. वाढता वाढता रेखाच्या बाबांनी थेट विचारलं, "लिथियमच्या बॅटऱ्या चालून राहिल्या ना? मंग हे सोडियम कायले?"

"लिथियम बाहेरून आणावं लागतं, काका. सोडियम आपल्या मिठातच आहे. पण या खेपेला जमलं नाही तर विषय सोडावा लागेल."

"मंग सोडता काऊन?"

"सोडत नाही!" मी एकदम बोलले, आणि माझंच मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी फोनच्या रेंजसाठी रेखाबरोबर तलावाच्या बांधावर, म्हणजे पाळीवर, चढले. वारा जोरात होता. लॅबमधला सहकारी समीर फोनवर सांगत होता, "रसायन नसलेला सेल गेला. जास्त घातलेल्याचा रोध वाढतोय, थर जाड झाला असणार. कमीवाला मस्त चाललाय. थांबवून उघडू? आत्ता पुरावा हातात आहे. शॉर्ट झाला तर काहीच उरणार नाही."

पण थांबवलेला सेल पुढे टिकला असता का, हे कुणालाच कळलं नसतं.

"चालू राहू दे. मी आल्यावर उघडू."

रेखानं डोळे मोठे केले. "सरांना काय सांगशील?"

"हेच."

परतीच्या रेल्वेत झोप लागली नाही. लॅबमध्ये पोचले तेव्हा संगणकावर कमीवाल्या सेलची रेघ अजून सरळ होती, म्हणजे तो शॉर्ट झाला नव्हता. सरांसमोरच सेल थांबवून उघडला. सोडियम सपाट, करडं, काट्यांचा मागमूस नाही. सर बराच वेळ भिंगातून बघत राहिले. "विषय तोच ठेव," एवढंच म्हणाले.

आता कुणी नवेगावबद्दल विचारलं की मी तलाव सांगते, पक्षी सांगते, मासळी सांगते. पाळीवरचा तो वारा मात्र सांगता येत नाही. "चालू राहू दे" म्हणताना माझा आवाज कापला नव्हता; तो आवाज तिथंच मला सापडला.